सिनेमातला मास्तर आणि आमचे सर

सिनेमात सरांचं काम ज्या नटानं केलं, त्याला झुपकेदार मिशा होत्या. आमच्या सरांना कधीच मिशा नव्हत्या. सिनेमातला मास्तर धोतर नेसतो, तपकीर ओढतो आणि वर्गात शिरताना दारावर छडी आपटतो. आमचे सर पँट आणि बुशशर्ट घालून यायचे आणि त्यांच्या वरच्या खिशात छडीऐवजी थर्मामीटर असायचा, पुठ्ठ्याच्या नळीत नीट घातलेला. तरी तो मास्तर म्हणजे आमचे सरच, हे पहिल्या दिवसापासून अख्ख्या अमळनेरला ठाऊक होतं. कारण ज्याच्या आयुष्यावर तो सिनेमा काढला होता, तो आमच्याच वर्गातला.

सर विज्ञान शिकवायचे. मुलांना ते नावानं हाक मारत नसत, हजेरीच्या नंबरानं मारत. शाळा सुटून पंचवीस वर्षं झाली तरी बाजारात दिसलो की मागून "तीस, थांब" असा आवाज यायचा आणि मी हातातली पिशवी घेऊन जागच्या जागी थांबायचो. माझ्या लग्नात अक्षता टाकून त्यांनी "तीस, नीट राहा" एवढाच आशीर्वाद दिला होता. बायकोला वाटलं, नवऱ्याचं वय काढलं. माझ्या बाकावर शेजारी बसायचा तो एकोणतीस, ज्याच्यावर सिनेमा निघाला तोच. आज पुण्यात त्याची कंपनी आहे. मोबाईलवरून शेतातला पंप चालू-बंद करायचं यंत्र त्यानं काढलं आणि ते आता खानदेशात गावोगावी बसलेलं आहे. मी जळगावात मोटार रिवाइंडिंग करतो, म्हणजे जळालेल्या मोटारीतली तार काढून नवी भरून देतो. दुरुस्तीला आलेल्या पंपासोबत कितीदा तरी त्याचं यंत्र दुकानात येतं. मी ते फडक्यानं पुसून फळीवर ठेवतो. त्याला मी इथंही एकोणतीसच म्हणेन. सर शेवटपर्यंत तेच म्हणत होते. आता सर नाहीत, म्हणून हे लिहायला बसलो.

सरांचा एक प्रश्न शाळेत प्रसिद्ध होता. कुणी काहीही सांगायला गेलं की ते विचारायचे, "बघितलंस की ऐकलंस?" ऐकलं म्हटलं की पुढचं ते ऐकायचेच नाहीत. एकदा वर्गात कुणीतरी सांगितलं की बोरी नदीपलीकडच्या खेड्यात दोन डोक्यांचं वासरू जन्मलंय. रविवारी सायकल काढून त्या गावाला जाऊन आले. सोमवारी हजेरी झाल्यावर म्हणाले, "डोकं एकच आहे. वासरू गोड आहे." आणि परावर्तनाचे नियम शिकवायला लागले.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. बहिणीबरोबर राहत. तिला सगळं गाव अक्का म्हणायचं. घराच्या दाराशी एक पाटी टांगलेली असे आणि रोज दुपारी दोन वाजता सर तिच्यावर खडूनं त्या दिवशीचं तापमान लिहीत. मे महिन्यात येणारे-जाणारे सायकल थांबवून आकडा बघून जात आणि आपल्याला होतंय ते खरंच आहे अशा समाधानानं पुढे जात. पेपरात वेगळा आकडा आला तर सर म्हणत, "तो जळगावचा. आपला आपण मोजायचा." अक्का वैतागायची. भाजीत मीठ जास्त झालं म्हटलं तर हा माणूस किती जास्त ते विचारतो, अशी तिची तक्रार होती.

आणि ते कधी "बरोबर" म्हणत नसत. गणित सुटलं, आकृती जमली, बोर्डात नंबर आला, तरी ते "चालेल" म्हणायचे. सरांनी चालेल म्हटलं की मुलगा दिवसभर हवेत असायचा. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण मलाही त्यांनी एकदा चालेल म्हटलं होतं.

सिनेमा लागला आणि आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस कुणाला दुसरं काही सुचेना. काहींना ऊर भरून आला होता. आपल्या मातीतल्या पोराची गोष्ट पडद्यावर आली, बायको-मुलांना घेऊन दोनदा बघितला, असं त्यांनी लिहिलं. काहींना नटांची बोली खटकली. ती ना अहिराणी होती ना मराठी, कुठली तरी तिसरीच. एकीनं लिहिलं की त्याच्या आईला सबंध सिनेमात दोन वाक्यं आहेत आणि दोन्ही वेळा ती भाकरीच थापतेय. पण सगळ्यात जास्त राग होता तो एका प्रसंगाचा. दहावीतला तो मुलगा, पाण्याची टाकी भरली की वाजणारी घंटी तयार करतो, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेली. मास्तर तो डबा सगळ्या वर्गासमोर फरशीवर आपटतो, त्याच्यावर पाय देतो आणि म्हणतो, "तू जन्मभर दुसऱ्याच्या शेतात पाणी भरशील." मग मुलगा चेपलेला डबा छातीशी धरून भर उन्हात घरी चालत जातो आणि गाणं सुरू होतं.

सरांचा असा अपमान सहन करायचा नाही, असं ठरलं. निवेदन काढायचं, पेपरात द्यायचं, जमलं तर टॉकीजसमोर बसायचं. एका रविवारी आम्ही अकरा जण सरांच्या घरी गेलो. सरांनी सगळ्यांना सतरंजीवर बसवलं आणि एकेकाला विचारलं, सिनेमा बघितलास की ऐकलास? अकरांतल्या सात जणांनी बघितलाच नव्हता. सर म्हणाले, "मग सात जण चहा घेऊन निघा. बघून या, मग बोलू."

अक्का मात्र पेटली होती. चहाचे कप ठेवता ठेवता ती म्हणाली, "त्या पिक्चरवालास्ले काही लाज शे का नही? मन्हा भाऊनी कधी कोणले हात नही लावा." सर शांतपणे म्हणाले, "अक्का, पिक्चर तू बी नही देखेल शे." अक्का आत गेली आणि आतून भांड्यांचा आवाज येत राहिला.

पुढच्याच आठवड्यात सर पॅसेंजरनं जळगावला माझ्या दुकानात आले. अमळनेरात बघायला गेलो तर लोक सिनेमा सोडून मला बघतील, मग नोंद चुकते, म्हणाले. मी दुकान ओढून घेतलं आणि त्यांच्यासोबत दुपारच्या खेळाला गेलो. उभ्या आयुष्यात ते टॉकीजमध्ये फारसे गेले नसावेत. खुर्चीत बसल्यावर त्यांनी आधी खिशातून थर्मामीटर काढून आतली हवा मोजली.

मी तो सिनेमा त्याआधी एकदा बघितला होता. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मी सिनेमा बघितलाच नाही. मी स्वतःला शोधत होतो. वर्गाचं दृश्य आलं की त्या मुलाच्या शेजारी कोण बसलंय ते बघायचो. शेजारी कुणीच नव्हतं. तो मुलगा अख्ख्या सिनेमात बाकावर एकटाच बसतो. मला वाईटही वाटलं होतं आणि सुटल्यासारखंही वाटलं होतं. का सुटल्यासारखं, ते पुढे येईल.

डबा फोडायचा प्रसंग आला तेव्हा मागच्या रांगेतल्या एकानं मास्तरला सणसणीत शिवी दिली. सर वळले. मला वाटलं, आता काही बोलतील. त्यांनी फक्त त्या माणसाचा चेहरा नीट बघून घेतला आणि पुन्हा समोर वळले. सिनेमा संपून बाहेर आल्यावर ते दाराशी उभे राहिले, खिशातून छोटी वही काढली आणि बाहेर पडणाऱ्यांना विचारायला लागले. म्हातारा माणूस, स्वच्छ बुशशर्ट, हातात पेन. लोकांना वाटलं पेपरवाले असतील. लोक थांबून सांगायला लागले.

एक जण म्हणाला, अंगावर काटा आला, उद्यापासून नोकरी सोडून धंदा करणार. त्याची बायको म्हणाली, आधी गॅसवाल्याला फोन करा. इंजिनिअरिंगच्या दोन मुली होत्या. त्यांचं म्हणणं, एवढं यंत्र काय एकट्यानं केलं? बाकीचे कामाला होते ते कुठे आहेत? सगळ्या सिनेमात तोच विचार करतो आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. दाणाबाजारातले एक मारवाडी शेठजी होते. त्यांना सिनेमा आवडला, पण नुसतं भाषण करून पहिला माल विकला जातो हे त्यांना पटलं नव्हतं. असोद्याचा एक केळीवाला शेतकरी म्हणाला, "मशीन चांगलं शे. मन्हा पंपले तेच शे. पन बिघडनं का त्यासना मानूस येत नही."

शेवटी सर प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचे, आणि तो विचारताना आवाज जरा खाली आणायचे. "त्या मास्तरबद्दल काय वाटलं?"

आपण कोण हे त्यांनी एकालाही सांगितलं नाही. मी बाजूला उभा राहून घाम पुसत होतो. लोक सांगत होते. असल्या मास्तरांना बडवलं पाहिजे, एकानं सांगितलं. एक जण म्हणाला, मास्तरनं डिवचलं नसतं तर पोरगा पेटलाच नसता, त्याचे उपकारच झाले. दोन मुलींपैकी एक म्हणाली, तो मास्तर खोटा वाटतो, इतका वाईट माणूस कारणाशिवाय कसा असेल, त्याला काही कारणच दिलेलं नाही. सरांनी तिला तिचं वाक्य पुन्हा सांगायला लावलं आणि हळूहळू लिहून घेतलं.

जळगावला झालं. मग सर म्हणाले, एका ठिकाणच्या नोंदीवर काही ठरत नसतं, धुळ्याला जाऊ. अमळनेरहून धुळ्याला एसटीनं निघालो. वाटेत कंडक्टरनं घंटी दिली, गाडी गचकन थांबली आणि उभे प्रवासी पुढे कलंडले. एका बाईनं ड्रायव्हरला नावं ठेवली. सरांनी खिशातून खडू काढला, समोरच्या सीटच्या पाठीवर बस काढली, आत माणूस काढला, बाण काढले आणि त्या बाईला समजावून सांगितलं की यात ड्रायव्हरचा दोष अर्धाच आहे. निवृत्त होऊनही ते खिशात खडू ठेवत. कंडक्टरनं ओळखलं आणि म्हणाला, "सर, पुसून उतरा हं." तोही शाळेतलाच निघाला. सर म्हणाले, "सतरा, पुसतो." मला त्या दिवशी ते फार खुशीत दिसले. आपल्याविषयी लोक काय म्हणतात हे ते जणू दुसऱ्याच कुणाविषयी असल्यासारखं गोळा करत होते.

धुळ्याच्या टॉकीजबाहेर पहिल्या तासाभरात जळगावसारखंच झालं. मग एक पन्नाशीचा माणूस आला. शिंदखेड्याकडचा, नरडाण्याच्या कारखान्यात कामाला. एकटाच सिनेमाला आला होता. सरांनी नेहमीचे प्रश्न विचारले, त्यानं एकेका शब्दात उत्तरं दिली. मास्तरचं विचारल्यावर त्यानं हातातलं तिकीट घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाला, "आमच्या मास्तरनं माझी पाटी फोडली होती. चौथीत. मी शाळेत परत गेलोच नाही."

सरांनी विचारलं, "त्यांना कधी भेटलात नंतर?"

"गावातच होते की. मरेपर्यंत होते. मेले तेव्हा मी गावात होतो." त्यानं रुमालानं मान पुसली. "गेलो नाही. दारावरून गेली तिरडी, मी आत बसून होतो. आता कधीकधी वाटतं, जायला पाहिजे होतं. पण नाही गेलो."

मग तो बसस्टँडच्या दिशेनं निघून गेला. सरांचं पेन वहीवर टेकलेलं होतं, पण त्यांनी त्या माणसाचं काही लिहिलं नाही. वही मिटली आणि खिशात ठेवली.

बसस्टँडवर आम्ही बराच वेळ बाकावर बसलो. दोन गाड्या गेल्या. सर उठले नाहीत. शेवटी म्हणाले, "डबा मी फोडला नाही, तीस. पण पान फाडलं होतं."

"हो सर."

"फरक किती आहे यात?"

ते खरोखरच मोजून बघत होते, आणि उत्तर माझ्याकडे होतं.

झालं होतं ते असं. दहावीत ओहमच्या नियमाचा प्रयोग होता. मी आणि एकोणतीस जोडीला होतो. प्रयोगशाळेत एका कोपऱ्यात पत्र्याच्या डब्यातल्या त्याच्या टाकीच्या घंटीचं काम चालू होतं. तेही सरांच्याच परवानगीनं, शाळेच्याच तारा वापरून. सर त्याला प्रयोगशाळेची किल्ली देत. तो मला म्हणाला, तू रीडिंग घेऊन ठेव, मी तुझ्यावरून उतरवतो. मी दोन रीडिंगं घेतली. मीटरचा काटा अडकत होता. बाहेर मैदानावर मॅच सुरू होती. बाकीचे आकडे मी मनानेच लिहिले, आलेखावर सरळ रेघेत बसतील असे, आणि खेळायला गेलो. त्यानं माझ्या वहीवरून ते उतरवले.

सरांनी आधी त्याची वही बघितली. आलेखावरचे सगळे ठिपके एका रेघेत होते. सर म्हणाले, आपल्या शाळेच्या मीटरवर इतकी सरळ रेघ कधी येत नाही. त्यांनी विचारलं, हे तू घेतलंस? तो म्हणाला, हो. माझं नाव त्यानं घेतलं नाही. सरांनी ते पान सगळ्या वर्गासमोर फाडलं, चार तुकडे केले आणि म्हणाले, "खोटं लिहायचं असेल तर प्रयोगशाळेत पाऊल ठेवू नकोस." किल्ली काढून घेतली. महिनाभर त्याला आत येऊ दिलं नाही. डबा तिथंच कोपऱ्यात पडून राहिला.

तेवढ्या वेळात मी बाकाखाली रबर काढला, दोन आकडे खोडले आणि जरा कमी-जास्त करून लिहिले. आलेखावरचे ठिपकेही रेघेच्या बाजूला सरकवले. सरांनी माझी वही बघितली, सही केली आणि म्हणाले, "चालेल."

धुळ्याच्या बसस्टँडवर हे सांगायला माझ्याकडे पाऊण तास होता. नंतर अमळनेरपर्यंतचा सबंध रस्ता होता. मी सांगितलं नाही. उतरताना सरांचा हात धरून त्यांना खाली घेतलं एवढंच.

त्यानंतर शाळेच्या स्नेहसंमेलनाला एकोणतीस प्रमुख पाहुणा म्हणून येणार असं कळलं. मुख्याध्यापकांनी सरांनाही स्टेजवर बसायचं आग्रहाचं बोलावणं दिलं. अक्का म्हणाली, जाऊ नको. सर म्हणाले, शाळेत जायला मला काय झालं?

मी सकाळीच गेलो. एकोणतीस मोठ्या गाडीतून उतरला आणि मला बघताच गळ्यात पडला. त्यात खोटं काही नव्हतं. आम्ही जुन्या प्रयोगशाळेच्या ओट्यावर उभे राहिलो. मी विचारलं, फाडलेल्या पानाचा सिनेमात फोडलेला डबा कसा काय झाला? तो ओशाळला. म्हणाला, "मी सिनेमावाल्यांना सगळं खरं सांगितलं होतं. पान, किल्ली, सगळं. तुझंही सांगितलं होतं. पहिल्यांदा लिहिलं त्यात तू होतास. मग ते म्हणाले, हा मित्र ठेवला तर लोकांना मास्तरचा राग येत नाही. मित्र काढू या. आणि कागद फाटलेला पडद्यावर दिसत नाही, डबा दिसतो."

"आणि तू हो म्हणालास."

"म्हणालो." तो जरा वेळ प्रयोगशाळेच्या बंद दाराकडे बघत राहिला. "आणि एक सांगू का? एवढ्या वेळा बघितलाय मी तो सिनेमा की आता आठवायला गेलो तर मला डबाच फुटलेला दिसतो. पान आठवायला जोर लावावा लागतो."

संमेलनाला हॉल भरलेला होता. मुलांनी सिनेमा बघितलेला होता. सर स्टेजवर येऊन बसले तसे पहिल्या रांगेपासून मागपर्यंत कुजबुज गेली, हाच तो मास्तर. मागून कुणीतरी हुर्यो केली. शिपायानं डोळे वटारले. सर मांडीवर हात ठेवून सरळ बसले होते, वर्गात पेपर चालू असताना बसत तसे.

एकोणतीसचं भाषण चांगलं झालं. मोबाईल वर धरून मुलं ते टिपत होती. शेवटी तो सरांकडे वळला, हात जोडले आणि म्हणाला, सरांनी त्या दिवशी मला कठोरपणे वागवलं नसतं तर आज मी इथं नसतो. त्या कठोरपणाला माझा नमस्कार. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याला खरंच कृतज्ञता वाटत असावी. पण सिनेमात जे होतं त्याच्यावर त्यानं शिक्काच मारला होता, आणि तोही हात जोडून. सरांनी मान खाली घातली. त्यांना मान खाली घालताना मी कधी बघितलं नव्हतं.

मी उठलो. मला बोलावलेलं नव्हतं, भाषणाची मला सवय नाही. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंना वाटलं मी आभार मानायला आलोय, त्यांनी माईक दिला. मी म्हणालो, माझं मोटारीचं दुकान आहे, मी यांच्या बाकावर बसायचो. मग सांगितलं. डबा कुणी फोडला नव्हता. सरांनी वहीचं पान फाडलं होतं, कारण त्यावरचे आकडे खोटे होते. ते आकडे माझे होते. यानं माझं नाव सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मी रबरानं माझे आकडे बदलले आणि सरांनी माझ्या वहीवर सही केली. एवढं बोलून मी माईक हातात घेऊन उभाच राहिलो.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकोणतीस माझ्याकडे बघत होता. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. खूप दिवसांनी एखादी वस्तू सापडावी तसं काहीतरी होतं. सर माझ्याकडे बघत नव्हते. समोर बघत होते.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. नववी-दहावीतली असेल. तिला कुणी विचारलं नव्हतं. ती सरळ सरांना म्हणाली, "पण सर, आकडे खोटे होते तर परत घ्यायला सांगायचे ना. पान का फाडलं?"

मुख्याध्यापक तिला बसवायला निघाले. सरांनी हातानं त्यांना थांबवलं. ते उठून माझ्यापाशी आले, माझ्या हातातला माईक घेतला आणि तिच्याकडे बघून म्हणाले, "मला राग आला होता. तो मुलगा माझा आवडता होता, आणि त्यानं खोटं लिहिलं याचा राग आला. शिकवायचं म्हणून फाडलं असं मी इतकी वर्षं समजत होतो. तसं नव्हतं. आणि आकडे कुठून आले हे मी त्याला विचारायला हवं होतं. ते विचारलं नाही."

मुलगी म्हणाली, "बरं सर." आणि खाली बसली. सर अजून कुणाला काही विचारायचंय का म्हणून थोडा वेळ उभे राहिले. मग तेही बसले. पुढे नाच होते, ते सुरू झाले.

कार्यक्रम संपल्यावर एकोणतीस सरांच्या पाया पडला. काय बोलले दोघं ते गर्दीत मला ऐकू आलं नाही. बराच वेळ बोलत होते एवढं बघितलं. सिनेमात अर्थात काही बदललं नाही. तो अजूनही कुठे कुठे मोबाईलवर लोक बघतात आणि मास्तरला शिव्या देतात.

मी सरांना घरी सोडायला चालत निघालो. मला वाटत होतं की सर आता माझ्याशी कधीच बोलणार नाहीत. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी ते थांबले.

"तू त्या दिवशी सांगितलं असतंस," ते म्हणाले, "तर मी तुझंही पान फाडलं असतं."

"हो सर."

"दोघांनाही बाहेर काढलं असतं. तेव्हा मला दुसरं काही येत नव्हतं." त्यांनी फाटकाची कडी काढली. "घाबरलास त्यात तुझी एकट्याची चूक नाही."

मी काही म्हणणार होतो. पण अक्का दारात आली होती. संमेलनात काय झालं हे तिच्यापर्यंत आमच्या आधीच पोचलं होतं, आणि माझ्याकडे बघायचं नाही असं तिनं ठरवलेलं दिसत होतं. सर चपला काढता काढता तिला म्हणाले, "तीन ताटं वाढ. हा जेवून जाईल." अक्कानं ताट वाढलं, माझ्या पुढ्यात जरा जोरातच ठेवलं, आणि मग दुसऱ्या भाकरीवर न विचारता तूप घातलं.